दोन भिंती की तीन

४ जून

प्रिय ताई,

परवा सकाळी आंघोळ करून मी रोजच्यासारखा देवापुढे बसलो, पण डोळे मिटले की तुझं ते दगडाचं पाखरूच दिसायचं. शेवटी हात जोडून देवालाच सांगितलं, ‘आज माझं लक्ष नाही, रागावू नकोस,’ आणि न खाताच कामावर निघालो. संग्रहालयाचं फाटक अजून उघडलं नव्हतं. पहारेकरी मला बघून म्हणाला, “साहेब, घरी भांडण झालं का?” वर माझ्या खोलीत जाऊन मी पुन्हा हात धुतले, टेबलावर मऊ कापड अंथरलं आणि तू शिवून दिलेल्या पिशवीतून तो दगड बाहेर काढला. खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरला. वीस-बावीस वर्षं दगडच हाताळतो आहे, पण तुझ्या घरचा दगड हातातून पडला तर तुला तोंड कसं दाखवू, हाच विचार.

तू विचारलं होतंस, हा शिंपला आहे का. दिसतो तसा, पण त्या कुळातला नाही. शिंपल्याची दोन झाकणं एकमेकांची जुळी असतात, डावा तळवा आणि उजवा तळवा जोडावेत तशी. तुझ्या पाखराचं एक झाकण फुगीर आहे, दुसरं चपटं. पण प्रत्येक झाकणाच्या मधोमध रेघ ओढलीस, तर डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी. माणसाच्या चेहऱ्यासारखं. या प्राण्यांना आम्ही बाहुपाद म्हणतो. समुद्राच्या तळाशी एकाच जागी बसायचं, तोंड थोडंसं किलकिलं करायचं, पाण्यातून येईल ते गाळून खायचं आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझ्याच स्वभावाचे म्हण ना.

दाजींच्या खाणीतल्याच थरातली एक जात आमच्या कपाटात आहे. खणभर नमुने आहेत. झाकणाची दोन टोकं, म्हणजे तिचे पंख, असेच रुंद, मधली पन्हळ अशीच. पण तिच्या पंखांवरचे कंगोरे कडेपर्यंत सरळ जातात. तुझ्या पाखराचे कंगोरे अर्ध्या वाटेवर फुटतात, एकाचे दोन होतात. मी खणातला एकेक नमुना काढून पाहिला. एकाचेही तसे नाहीत.

ताई, ही कदाचित नवी जात असेल. ‘कदाचित’ या शब्दावर बोट ठेवून वाच. नवी निघाली तर तिचं वर्णन करणारा नाव ठेवतो, म्हणजे मी. दाजींचं नाव देता येईल. हे खरं तर मी इतक्यात लिहायला नको होतं, पण हातून लिहून गेलं. कुणाला सांगू नकोस.

तुझा,
घुम्या


१२ जून

घुम्या,

‘कुणाला सांगू नकोस’ हे पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचं असतं. तिथवर पोहोचेस्तोवर मी सगळं पत्र शिंपीणबाईला वाचून दाखवलं होतं. आणि तिला सांगणं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. संध्याकाळी दूधवाला विचारत होता, “काकांच्या नावाचा प्राणी निघाला म्हणे?” मी म्हटलं, “निघाला नाही, निघणार आहे. आणि तू दुधात पाणी घालणं थांबव, आता आम्ही मोठी माणसं आहोत.”

तू फोन करत नाहीस ते बरंच आहे. फोनवर अर्धं तू गिळतोस आणि उरलेलं माझ्या कानाला लागत नाही. पत्रात निदान बोलतोस तरी. लहानपणी आई म्हणायची, हा घुम्या कोपऱ्यात बसून काय विचार करतो, देवालाच ठाऊक. आता मला कळलं, दगडाचे कंगोरे मोजत असणार.

एक सांगते, आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. यांनी जन्मभर खाणीवर मुकादमी केली. पुलाला त्यांच्या खाणीचा दगड, कोर्टाला त्यांच्या खाणीचा दगड, हॉस्पिटलच्या पायऱ्यांना तोच. पाट्या बघ. बांधणाऱ्याचं नाव आहे, उद्घाटन करणाऱ्याचं आहे, फीत धरून उभ्या असलेल्याचंसुद्धा असेल. दगड काढणाऱ्याचं नाव कोण घालतो? इतक्या दगडांतला हा एकच त्यांनी न फोडता घरी आणला. डब्यात घालून. मी डबा उघडला आणि ओरडले, “अहो, हे काय?” तर म्हणाले, “पाखरू आहे. दाणे घालू नकोस, खात नाही.”

मी त्यांना ते जाईपर्यंत ‘अहो’च म्हटलं. एकदाही नावानं हाक मारली नाही. आता तुझ्या पुस्तकानं मारू दे. छापून आलं की मी बोटानं वाचीन.

तब्येतीला जप. जेवतोस ना वेळेवर?

ताई


१० जुलै

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचल्यापासून रोज खण उघडून तेच नमुने पुन्हा बघतो आहे. गल्लीला कळलं म्हणतेस, आणि इथे मला स्वतःलाच अजून काही कळलेलं नाही.

अडचण अशी आहे. रूपावरून या मंडळींचं गोत्र ठरत नाही. दोन अगदी वेगळ्या घराण्यांतले बाहेरून सख्ख्या भावांसारखे दिसतात, आणि एकाच घराण्यातले दोघे एकमेकांना ओळख देत नाहीत. खरी ओळख आत असते. चोचीच्या आतल्या बाजूला, जिथे दोन झाकणं बिजागरीसारखी अडकतात तिथे, पातळ भिंती असतात. खणातल्या जातीला दोन आहेत. तुझ्या पाखराला मधोमध तिसरी असेल, तर ते निःसंशय वेगळं. दोनच असतील तर तीच जुनी जात, आणि कंगोऱ्यांचं फुटणं हे नुसतं एखाद्याच्या नाकावर तीळ असावा तसं.

परगावच्या एका तज्ज्ञ बाईंना फोटो पाठवले होते. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘आतलं दाखवा, मग बोलू.’

म्हणून मी पाखरू घेऊन हॉस्पिटलात गेलो. तिथे माणसाच्या आतले फोटो काढायचं मोठं यंत्र आहे. तिथला मुलगा भला होता. म्हणाला, “पेशंटचं नाव?” मी म्हटलं, अजून ठरायचं आहे. “वय?” मी म्हटलं, तीसेक कोटी वर्षं. त्यानं मान न उचलता विचारलं, “बी.पी., शुगर काही?” फोटो काढला, पण काही दिसलं नाही. कवचही चुन्याचं आणि आत भरलेला गाळही चुन्याचा. दुधात पांढरा दोरा शोधण्यातली गत.

मोठ्या साहेबांना, म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या प्रमुखांना, एवढा धीर नाही. नवं दालन उघडायचं आहे आणि मधल्या काचेच्या पेटीत त्यांना पाखरू हवं आहे, नव्या नावानिशी. मला म्हणाले, “अहो, बाहेरून वेगळं दिसतंय ना? मग झालं नवीन. आत डोकावायला तुम्ही काय जकात नाक्यावर बसलाय?”

तेव्हा आता एकच मार्ग उरतो, तो दगड घासून बघायचा. तुझी हरकत नसेल तर कळव.

इकडे उकाडा फार. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझा,
घुम्या


१७ जुलै

घुम्या,

अरे, घास की! त्यात मला विचारायचं काय? एवढ्यासाठी तिकीट लावून पत्र?

मीसुद्धा दर महिन्याला घासतच होते. जुना दात घासायचा ब्रश आणि अंगाचा साबण. भांड्याची पावडर घेऊ नकोस, ओरखडे पडतात. मधल्या पन्हळीत मळ साचतो, तो काडीनं काढ. आणि डाव्या पंखाच्या टोकाला जप, तिथे बारीक चीर आहे, हिवाळ्यात मला जास्त दिसायची. घासून झालं की उन्हात ठेवू नकोस, सावलीत वाळव. बघ कसा चमकतो ते. मग दिसतील तुझ्या भिंती.

तुमचे मोठे साहेब मला आवडले. काचेच्या पेटीत! आमच्या यांना! उद्घाटनाला मी येणार, हे आत्ताच सांगून ठेवते. शिंपीणबाईनं मला नवीन पोशाख शिवायला घेतला आहे आणि शिलाई घेणार नाही म्हणते. तिलाही यायचं आहे, हे उघडच आहे.

तारीख कळव. गुडघे जागच्या जागी आहेत.

ताई


१६ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझं पत्र महिनाभर माझ्या शर्टाच्या खिशात आहे. शर्ट बदलतो तेव्हा आधी ते काढून नव्या खिशात ठेवतो. आज उत्तर लिहितो आहे, कारण आज सकाळी जे होता होता राहिलं, त्यानंतर गप्प बसणं मला जमणार नाही.

तू ‘घास’ म्हणालीस. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या ओळीतच माझ्या लक्षात आलं, की तू भांडी घासण्यातलं घासणं म्हणते आहेस. माझं घासणं ते नव्हे. मी शब्द चुकीचा वापरला. चुकून वापरला का, हे मी स्वतःला विचारतो आहे, आणि उत्तर मला आवडत नाही. खरा शब्द उगाळणं. सहाणेवर औषधी मूळ उगाळतात ना, तसं. जेवढं कळतं, तेवढं मूळ संपतं.

फिरत्या चाकावर बारीक भुकटी टाकायची आणि चोचीच्या बाजूनं केसाएवढा थर उतरवायचा. उघड्या पडलेल्या तोंडावर सौम्य आम्ल लावायचं, वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवायचा, वाळला की सोलून घ्यायचा. आतल्या भिंतींचा ठसा त्याच्यावर उमटतो. मग पुढचा थर. असे कितीतरी. बिजागरी जिथे असते, तिथेच पंख सर्वांत रुंद. म्हणजे आधी चोच जाईल, मग पंख. शेवटी उरेल तो पोटाकडचा टवका. त्याला कुणी पाखरू म्हणणार नाही. आणि हे सगळं करून आत दोनच भिंती निघाल्या, तर तुझ्या हातात ना दगड, ना नाव.

आज सकाळी मी पाखराचा प्लास्टरचा साचा घेतला, चारी बाजूंनी फोटो काढले, त्याला राळेत बसवलं आणि चाक सुरू केलं. तुझं पत्र खिशात होतं. मी मनाशी म्हणत होतो, परवानगी आहे, लेखी आहे, तिच्या हातची आहे. चाकाचा आवाज चढला. तेवढ्यात तुझी ती ओळ आठवली, ‘डाव्या पंखाच्या टोकाला जप’, आणि मी बटण बंद केलं. पाखराला काही झालेलं नाही. राळ सोडवून, पुसून पिशवीत ठेवलं आहे.

आता मी नीट विचारतो. उगाळू का? प्लास्टरची प्रतिकृती रंगवून तुला देईन, हुबेहूब. तू नाही म्हणालीस तर नाही.

तुझा,
घुम्या


२१ ऑगस्ट

चि. बंधूस,

माझं पत्र महिनाभर खिशात घालून फिरलास. तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं की मी काय समजले. तरी चाकापर्यंत गेलास. बटण बंद केलंस म्हणून तुझी आरती ओवाळू का?

यांनी एवढ्या दगडांतला हा एकच फोडला नाही. एकच. तो तू भुकटी करायला निघालास आणि मला विचारलंस कसं, तर शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी तसं. खाली गुडघ्यांची चौकशी.

प्लास्टरचं पाखरू तुमच्या पहारेकऱ्याला दे.

तुमचे मोठे साहेब म्हणतात त्यात काय चूक आहे? बाहेरून वेगळं आहे, हे तूच म्हणालास. दे नाव. तीस कोटी वर्षं कुणी आत डोकावलं नाही, आता तुलाच का घाई? कुणाचं काय जातं? गल्लीत मी सांगून बसले आहे. पोशाख शिवून झाला आहे. एका माणसाचं नाव एका दगडाला लागलं, तर आभाळ कोसळत नाही.

नाव दे, नाहीतर माझं पाखरू मला परत पाठव.

तुझी बहीण


२८ ऑगस्ट

प्रिय ताई,

पत्रासोबत पाखरू पाठवतो आहे. आमच्याकडचा लिपिक तुझ्याच बाजूला निघाला होता, त्याला हातात द्यायला सांगितलं आहे. कापसात आहे. डाव्या पंखाकडून उघडू नकोस.

तुझा राग मी पुन्हा पुन्हा वाचला. सगळा मान्य.

पण बाहेरून नाव देणं मला जमणार नाही. कुणाचं काय जातं, म्हणतेस. सांगतो. नाव एकदा छापलं की ते कायमचं राहतं, चुकीचं निघालं तरी. पुढे कधीतरी कुणीतरी त्याच खाणीतून दुसरं पाखरू काढील, उगाळील, आणि आत दोनच भिंती सापडल्या तर दाजींचं नाव खोडून टाकील. नुसतं पुसून नाही, खोडून. जुन्या खऱ्या नावाखाली बारीक अक्षरात लिहून ठेवतात, ‘हेही नाव दिलं गेलं होतं, ते चूक.’ जगातल्या प्रत्येक यादीत तसंच. जन्मभर ज्यांनी नीट दगड काढले, त्यांचं नाव एका चुकीला लावून मी ठेवू? तेही त्यांच्या मेव्हण्यानं?

गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, उत्तर येत नसेल तर पाटी कोरी ठेव. चुकीचं लिहिलंस तर पुसायचे कष्ट दोघांना. मला तेवढंच शिक्षण नीट लागलं.

एक गोष्ट लिहू की नको, विचार करत होतो. परवा देवापुढे उभा राहिलो आणि मागायला गेलो, की आत तीन भिंती असू देत. हात जोडलेले तसेच राहिले. तीन असतील तर त्या केव्हाच्या आहेत, माणूस जन्मायच्याही आधीपासून. नसतील तर नाहीत. देवानं आता माझ्यासाठी तिथे भिंत बांधायची का? मागण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा नुसताच उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा एवढं कळलं होतं, की माहीत नसलेलं मी माहीत आहे असं म्हणणार नाही.

मोठ्या साहेबांना मी सांगितलं, दगड मालकिणीकडे परत गेला. त्यांनी पेनाचं टोपण मिटलं. मग म्हणाले, “तुमच्यासारख्या माणसाला काचेची पेटी नाही, गुहा द्यायला हवी.” दालनाचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आहे. त्याचं मला फार नाही. तुझ्या पोशाखाचं वाईट वाटतं.

पोहोचलं की नुसतं ‘पोहोचलं’ एवढं तरी लिही.

तुझा,
घुम्या


१४ सप्टेंबर

ताई,

लिपिक म्हणतो, त्यानं पिशवी तुझ्या हातात दिली, तू आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. तू पाणी विचारलं नाहीस, हे ऐकून मी जास्त घाबरलो. बरी आहेस ना? शिंपीणबाईंकडून दोन ओळी पाठव. राग तसाच राहू दे, त्याची घाई नाही.

घुम्या


७ ऑक्टोबर

घुम्या,

बरी आहे. मेले असते तर शिंपीणबाईनं तुला तासाभरात कळवलं असतं.

पाखरू त्याच्या जागी, खिडकीत ठेवलं. पहिले चार दिवस सुखाचे गेले. मग एक दिवस फडका मारता मारता थांबले, उचललं आणि चोचीपाशी डोळा लावून बघत बसले. दोन की तीन? दुसऱ्या दिवशी पुन्हा. कानाशी धरून हलवलं, जसं काही भिंती आतून टकटक करणार आहेत. भाजी निवडताना दोन की तीन, दात घासताना दोन की तीन. शिंपीणबाई म्हणाली, “तीनच असणार, तुमच्या तोंडावरून दिसतंय.” मी तिला म्हटलं, “माझ्या तोंडावरून तुला पाऊस पडणार की नाही तेही दिसतं, आणि दर वेळी चुकतं.” मग दोघी हसलो. पण रात्री काही मन निवेना.

तुझ्या त्या प्रश्नानं माझं पाखरू बिघडवलं. आधी ते नुसतं यांनी आणलेलं होतं. आता त्याच्या पोटात काहीतरी आहे आणि ते मला माहीत नाही. तू असा वर्षानुवर्षं कसा जगतोस रे? रोज तेच नमुने उघडून बघतोस म्हणतोस, त्याला मी चाळा समजत होते.

आणि दुसरं. मी लिहिलं होतं, यांनी हा एकच दगड फोडला नाही. रागाच्या भरात मनुष्य अर्धं लिहितो. उरलेलं अर्धं असं, की डब्यातून काढल्या काढल्या हे हातोडी घेऊन ओट्यापाशी बसले होते. म्हणाले, “बाहेरून असा आहे, आतून कसा असेल बघू.” मीच हात धरला. “अहो, एक तरी राहू द्या की अख्खं घरात.” राहू दिलं. माझ्यासाठी राहू दिलं. पण नंतर कितीदा तरी ते उचलून बघताना मी त्यांना पाहिलं आहे, आता मी बघते तसंच. फक्त मला तेव्हा वाटायचं, पाखरू आवडतं म्हणून बघतात.

तेव्हा उगाळ. शब्द नीट वाच. घास नाही म्हणत, उगाळ म्हणते. चोच गेली तरी, पंख गेले तरी. नाव लागलं तर लागलं. नाही लागलं तर गल्लीला मी सांगीन काय सांगायचं ते, माझं तोंड खंबीर आहे.

मी समोर येणार नाही. ते चाकाचं मला बघवणार नाही. उरेल त्याचं काय करायचं ते तू ठरव, मला विचारू नकोस.

पाखरू शिंपीणबाईचा जावई घेऊन येतो आहे. त्याला पाणी विचार.

ताई


१५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

आत दोनच भिंती आहेत.

आधी हे लिहिलं, म्हणजे पुढचं तुला धडधडत वाचावं लागणार नाही. आता सावकाश सांगतो.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चाक साफ केलं, तेल घातलं, पुन्हा साफ केलं. पहारेकरी म्हणाला, “साहेब, पोळ्याचा बैल सजवताय की काय?” काल सकाळी मात्र देवापुढे काहीही न मागता नुसता नमस्कार केला, आलो आणि बटण दाबलं.

पहिल्या थरात चोचीचं टोक गेलं. त्याचा आवाज फार नाही, ओल्या पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा. मला वाटलं होतं मी मान फिरवीन, पण एकदा सुरू झाल्यावर हात शांत झाले. ठसा घेतला, प्रकाशासमोर धरला. सुरुवातीला नुसतंच जाड कवच. पुढच्या ठशांत दोन ठिपके दिसले, ठिपक्यांच्या रेघा झाल्या, रेघा लांबत गेल्या. दोन भिंती, स्वच्छ, दोन्ही बाजूंना. मध्ये रिकामं. मी मध्येच बघत होतो. प्रत्येक ठशाला वाटायचं, पुढच्यात येईल. मध्यभागी एकदा बारीक काळी रेघ दिसली आणि माझ्या तोंडून “आली!” असं निघून गेलं. ते ठसा वाळताना अडकलेलं केसाचं कुसळ होतं. माझंच, पांढरं नसलेलं एक उरलं होतं, तेही असं कामाला आलं.

भिंती संपेपर्यंत गेलो. तिसरी नाही. खणातल्या जातीचंच आहे ते, त्यात आता ‘कदाचित’ नाही.

तिथे थांबता आलं असतं. पण मग कंगोरे का फुटले, हे कळलं नसतं. तू ‘पंख गेले तरी’ असं लिहिलं होतंस, त्या बळावर पुढे गेलो. पंखांच्या आत, बरोबर जिथून एकाच्या दोन व्हायला लागतात तिथे, कवचाच्या थरांत एक तुटलेली रेघ आहे. कडेपासून कडेपर्यंत. जिवंत असताना त्याची सगळी कड कशानं तरी फुटली होती. त्यानंतर त्यानं आतून नवे थर चढवले, जुन्या तुटक्या कडेवर जसे बसतील तसे. वेडेवाकडे बसले, म्हणून कंगोरे दुभंगले. पण त्यापुढे निम्मा पंख त्यानं वाढवला आहे, ताई. मी ठसे मांडून पुन्हा पाहिलं. बरीच वर्षं जगलं ते त्यानंतर.

तेव्हा नवी जात नव्हती. जुन्याच जातीतलं एक होतं, ज्याला मोठं लागलं होतं. त्याला वेगळं नाव देता येत नाही. दाजींचं नाव पुस्तकात येणार नाही. हे वाक्य मी लिहायचं टाळत इथवर आलो.

मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, “जुनीच जात आहे.” त्यांनी ठसे उजेडात धरले, एकेक करून. म्हणाले, “एवढं सुंदर पाखरू घालवलंत, याच्यासाठी?” मी हो म्हटलं. तीन भिंती निघाल्या तर म्हणून लिहून ठेवलेला लेख त्यांच्यासमोर फाडायला घेतला, तर म्हणाले, “नाटक नको, मागची बाजू कोरी आहे, वापरा.” मग त्या लेखाच्याच पाठीवर मी नमुन्याची चिठ्ठी लिहिली. जातीचं नाव, जुनं. थर, खाण. मिळवणारा, तिथे दाजींचं नाव, पूर्ण. चिठ्ठी कापून घेतली.

उरलेलं तुला पाठवावं असं दोनदा वाटलं. पोटाकडचा भाग आहे फक्त, तळहातावर ठेवला तर अर्धाही भरत नाही. खिडकीत ठेवलास तर कुणी विचारील, हे काय, आणि तुला दर वेळी सगळं सांगावं लागेल. तू ठरव म्हणालीस. आज दुपारी मी खण ओढला, त्यातल्या नमुन्यांना थोडं सरकवून जागा केली, चिठ्ठी खाली ठेवली, तिच्यावर तो टवका आणि शेजारी ठशांचं पाकीट. त्याच्या जातभाईंमध्ये. मग खण आत लोटला.

तुझा,
घुम्या